आधी वहीत सोडवा, मग पुली बदला



या पानावर आपण एरवी बियाणं, खतं, कीड-रोग, पीकविमा यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतोय. तुमच्या घरात नववी ते बारावीचं पोर असेल तर त्याची भौतिकशास्त्राची वही आज उघडून बघा. ‘एक वाहन ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असता ब्रेक लावला...’, ‘एक चाक मिनिटाला ७२० फेरे घेते...’, ‘वीज चमकल्यानंतर १५ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला...’ अशी गणितं तिथं दिसतील. पोरगं म्हणतं, डोक्यात शिरत नाही. आपण म्हणतो, शेतात याचा काय उपयोग? माझं म्हणणं असं की ही तिन्ही गणितं आपल्याच रानातली आहेत. ती न सोडवल्यामुळं गावात हात जातात, पाय जातात आणि कधी माणूसही जातो.

मी कुणी प्राध्यापक नव्हे. दहावीनंतर कृषी पदविका केली आणि विस्ताराच्या कामाला लागलो. दहावीला ‘गती’चा धडा मी पाठ करून पास झालो. त्वरण, जडत्व, वारंवारता हे शब्द तेव्हा परीक्षेपुरते होते. त्यांची पुन्हा गाठ पडली ती थेट मळणीयंत्राजवळ.

२०२३ च्या सोयाबीन काढणीत माझ्या भागातल्या एका गावात मळणी चालू असताना ड्रमवरचा लोखंडी दात निखळला आणि पत्रा फोडून बाहेर आला. पेंढ्या टाकणाऱ्या मजुराच्या कोपराखाली लागला. हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला तर २ लाख, एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख मिळतात. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी. हा गडी भूमिहीन. सातबारा नाही, तर प्रस्ताव कशाचा करणार? मी त्याच्या घरी जाऊन रिकाम्या हातानं परत आलो. यंत्रमालकाला विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, “काही नाही साहेब, पाऊस येतो म्हणून जरा स्पीड वाढवला होता. ड्रमची पुली बारकी टाकली.”

‘जरा स्पीड वाढवला.’ या ‘जरा’चा हिशोब कुणी केला नव्हता. करायला लागणारं गणित मात्र गावातल्या अकरावीच्या पोरांच्या वहीत पडलेलं होतं.

दीडपट फेरे, सव्वादोन पट ओढ

पुढच्या हंगामात दुसऱ्या एका गावी एका तात्यांकडे बसलो होतो. त्यांची मुलगी अकरावी विज्ञानला. वही पुढ्यात घेऊन रडवेली झालेली. म्हणाली, “काका, मी कॉमर्सला जाते. फिरणाऱ्या चाकाचं काहीच जमत नाही.” तात्यांचं स्वतःचं मळणीयंत्र दारात उभं. मी म्हटलं, पुस्तकातलं चाक ठेव बाजूला, हे चाक घे. टेप आण आणि पुल्या मोज.

मोटारीची पुली ४ इंच, ड्रमची ८ इंच. मोटारीच्या पाटीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिलेले. पट्टा दोन्ही पुल्यांवरून सारख्याच वेगानं सरकतो, म्हणून एका पुलीचे फेरे गुणिले तिचा व्यास हे दुसऱ्या पुलीच्या तेवढ्याच गुणाकाराबरोबर येतं. १४४० गुणिले ४, भागिले ८. पोरीनं चटकन सांगितलं, “७२० फेरे.” मग तात्यांना विचारलं, घेतलं तेव्हा ड्रमची पुली केवढी होती? ते म्हणाले, “बारा इंची. आठची मी टाकली. काम लवकर उरकतं.” बारा इंचीवर फेरे येतात ४८०. म्हणजे तात्यांनी वेग दीडपट केला होता.

आता पुढची पायरी. गोल फिरणाऱ्या वस्तूला मध्याकडे धरून ठेवायला जोर लागतो. गोफणीतला दगड आठवा. पुस्तकात त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. हा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. फेरे दीडपट झाले तर जोर दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. ड्रमवरचा दात अर्धा किलोचा आणि मध्यापासून एक फुटावर धरला, तर ४८० फेऱ्यांना त्याचा बोल्ट सुमारे ३९ किलोच्या वजनाएवढी ओढ सोसतो. ७२० फेऱ्यांना तीच ओढ ८७ किलोवर जाते. पोरीनं हा आकडा काढला आणि बापाकडं बघत म्हणाली, “आप्पा, एवढ्याशा बोल्टाला पोतं टांगल्यासारखं झालं की.”

तात्या म्हणाले, “दोन वर्षं चालतंय की.” चालतं, खरंय. बोल्ट पहिल्या दिवशी तुटत नाही. दर फेऱ्याला थोडा झिजतो, थकतो आणि एक दिवस सुटतो. तो दिवस कुठला, हे सांगता येत नाही. पण ओढ किती हे सांगता येतं आणि ती आपल्या हातात आहे.

यात नुकसान आणखी एक. जास्त फेऱ्यांनी सोयाबीनचा दाणा फुटतो, वरून चांगला दिसला तरी आतून तडकतो आणि पेरल्यावर उगवत नाही. घरचं बियाणं राखायचं असेल तर फेरे ४०० च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवा, असं आम्ही दरवर्षी सांगतो. ‘मिनिटाला ४०० फेरे’ म्हणजे कुठली पुली, हे मात्र आम्हीही सांगत नाही. ही आमची चूक. चार इंची मोटारपुलीला ड्रमवर १६ इंची पुली लावली तर ३६० फेरे येतात. बाकी हिशोब तुम्हीच करा, जमेल.

बटन बंद म्हणजे यंत्र बंद नव्हे

फिरण्याच्या धड्यातली आणखी दोन गणितं सांगतो. कडबाकुट्टीचं मोठं चाक बटन बंद केल्यावरही फिरत राहतं. वजन जितकं जास्त आणि ते कडेला जितकं लांब, तितकं चाक थांबायला नाखूश. पुस्तकात याला जडत्व आघूर्ण असं जड नाव आहे. बोटं जायला मात्र नाव माहीत असावं लागत नाही. घड्याळ लावून बघा, बटन दाबल्यापासून चाक पुरतं थांबेपर्यंत किती सेकंद जातात. तो आकडा यंत्रावर खडूनं लिहा आणि तेवढा वेळ अडकलेला कडबा ओढायला हात घालू नका.

दुसरं, ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. दांड्याचा घेर २५ सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळलं जातं. धोतराचा सोगा किंवा पदर अडकल्याचं कळून माणूस मागं सरायला अर्धा सेकंद तरी लागतो. तेवढ्यात मीटरभराच्या वर कापड आत गेलेलं असतं. म्हणून दांड्यावरचं आवरण काढून ठेवू नका, असं सांगतात. हे सांगणं भीती घालायला नव्हे, साधा गुणाकार आहे.

उतारावर न्यूट्रल

आता सरळ रेषेतली गती. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. किलोमीटरच्या आकड्याला ५ नं गुणून १८ नं भागायचं, एवढंच.

ट्रॅक्टर-ट्रॉली ताशी १८ नं चालली आहे. पुढं पोर आडवं आलं. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू. तेवढ्यात ५ मीटर गेले. मग ब्रेकनं वेग दर सेकंदाला २ मीटरनं कमी होतो असं धरा. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. २५ भागिले ४, सव्वासहा मीटर. एकूण सव्वाअकरा.

आता तीच गाडी डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केली आणि वेग ३६ झाला. पहिल्या सेकंदात १० मीटर. ब्रेकचे १०० भागिले ४, म्हणजे २५. एकूण ३५ मीटर. वेग दुप्पट, अंतर तिपटीच्याही वर. पोर २० मीटरवर असेल तर पहिल्या हिशोबात ते वाचतं. दुसऱ्या हिशोबात गाडी त्याच्यापाशी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी २८ किलोमीटर असतो. हाही आकडा वहीतल्याच सूत्रानं निघतो, करून बघा.

पोरं विचारतात, सूत्रात वजन कुठंय? वजन ‘२’ या आकड्यात लपलंय. ब्रेकचा जोर तेवढाच राहिला आणि वजन दुप्पट झालं तर २ चा १ होतो. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उसानं भरलेल्या ट्रॉलीला ३५ चे ६० मीटर होतात. आणि उतार असला तर तोही गाडीला पुढंच ढकलतो, म्हणजे ६० वरही थांबेल याची खात्री नाही.

वीज दिसली, आता मोजा

लाटांचा धडा पोरांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो. तो आभाळाखाली शिकवावा. विजेचा उजेड लगेच दिसतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर. चमक दिसल्यावर १५ आकडे मोजून गडगडाट आला तर वीज ५ किलोमीटरवर. दहा मिनिटांनी तेच अंतर ६ आकड्यांवर आलं तर वीज २ किलोमीटरवर. म्हणजे ढग दहा मिनिटांत ३ किलोमीटर आला, ताशी १८ चा वेग. उरलेले २ किलोमीटर तो सात मिनिटांच्या आत कापणार.

इथं एक इशारा. सात मिनिटं आहेत म्हणून तेवढ्यात सोयाबीनची गंज झाकून घेऊ, असा हिशोब कुणी करू नका. वीज ढगाच्या पोटाखालीच पडते असं नाही, कित्येक किलोमीटर पुढंही पडते. म्हणून नियम असा: चमक आणि आवाज यांत ३० आकड्यांहून कमी अंतर आलं की काम सोडायचं, पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जायचं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली तर मुळीच नाही. तीस भागिले तीन म्हणजे दहा किलोमीटर, हा त्या नियमामागचा हिशोब. ज्यांच्याकडं मोबाइल आहे त्यांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप घ्यावं. पण रानात रेंज नसते, आकडे मोजायला रेंज लागत नाही.

गणित सोडवायचं कसं?

आता विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द, पण पालकांनीही ऐकावेत. पोरं सूत्र शोधत बसतात आणि सापडलं की आकडे टाकून मोकळी होतात. फवारणीचा हिशोब आपण असा करतो का? १० लिटरला २० मिली औषध असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. आपण आधी काय दिलंय ते बघतो, मग काय काढायचंय ते. मिली आणि लिटर यांची गल्लत होऊ देत नाही आणि उत्तर ३०० मिली आलं तर डब्बा हातातच धरतो, कारण ते पटत नाही. भौतिकशास्त्राचं गणित याच पायऱ्यांनी सुटतं. दिलेलं लिहा. विचारलेलं लिहा. चित्र काढा. एककं एकसारखी करा. मग सूत्र. शेवटी उत्तर पटतंय का बघा. ट्रॅक्टरच्या गणितात कुणी ३६ चे १० न करता तसेच टाकले तर ब्रेकचं अंतर ३२४ मीटर येतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या घरातल्या पोरानं ते बघताच म्हणायला हवं की कुठंतरी चुकलं.

उत्तर किती विश्वासाचं, हेही शिकायचं असतं. विहिरीत खडा टाकून २ सेकंदांनी आवाज आला तर पाणी साधारण ६४ फुटांवर. अडीच सेकंद धरले तर १०० फुटांवर. अर्ध्या सेकंदाच्या गफलतीनं ३६ फुटांचा फरक, कारण वेळेचा वर्ग होतो. म्हणून खडा टाकून अंदाज घ्या, पाइप विकत घ्यायचे तर दोरानंच मोजा. आणि बोअरमध्ये खडा टाकूच नका, मोटार अडकेल.

खेड्यातल्या पोरांची अडचण बुद्धीची नाही. दहावीपर्यंत ती ‘चाल’, ‘वेग’, ‘त्वरण’ शिकतात. अकरावीला विज्ञान घेतलं की बहुतेक ठिकाणी तोच धडा इंग्रजीतून येतो, उदाहरणं विमानाची आणि उपग्रहाची. नांगर, रहाट, मोट, गोफण यांच्या घरात वाढलेलं पोर ‘मला फिरणारं चाक कळत नाही’ म्हणतं, तेव्हा दोष पोराचा कसा? शिक्षकांचाही पुरता दोष नाही, त्यांच्यामागं अभ्यासक्रम संपवायची घाई असते. पण दारात यंत्र उभं असताना आपण पालकांनी टेप हातात द्यायला काय हरकत?

गावाने करण्यासारखं

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांना माझी विनंती आहे. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही.

मळणीयंत्रांच्या धोक्याची दखल संसदेनं १९८३ सालीच घेतली आणि धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. कायदा कागदावर आहे, पण गावात यंत्राजवळ रोज उभे असतात मालक आणि मजूर. काढणीआधीच्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्या: गावात चालणाऱ्या प्रत्येक मळणीयंत्रावर मोटारीची पुली, ड्रमची पुली आणि ड्रमचे फेरे हे तीन आकडे रंगानं लिहिलेले असावेत. शेजारी कंपनीनं सांगितलेला आकडा. दोन आकडे जुळले नाहीत तर मजुरानं विचारावं आणि मालकानं उत्तर द्यावं. हे आकडे काढायचं काम नववी-दहावीच्या मुलांना द्या. एका शनिवारी गावातली सगळी यंत्रं मोजून होतील.

शाळेसमोरच्या रस्त्याकडेला चुन्याच्या दोन रेघा मारा. एक ११ मीटरवर, एक ३५ मीटरवर. पहिलीवर १८ लिहा, दुसरीवर ३६. ऊसवाहतूक करणारा ड्रायव्हर रोज त्या बघेल. आणि पहिला गडगडाट झाला की रानातल्या माणसांना घरी बोलवायला देवळाचा भोंगा वाजवा. बाकी वेळ तो वाजतोच.

काही जण म्हणतील, हे काम कृषी खात्याचं की शाळेचं? मला वाटतं, दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं म्हणूनच ते राहिलं. आम्ही शेतकऱ्याला नुसतं ‘वेग मर्यादित ठेवा’ सांगतो आणि शाळा पोराला नुसतं सूत्र सांगते. बाप आणि पोरगी एका वहीवर बसली तर दोन्ही पुरं होतं.

तात्यांनी पुली बदलली का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी नाही बदलली. म्हणाले, बघू. आठवड्यानं गेलो तर बारा इंची परत चढवली होती, वर कुरकुर होतीच की मळणीला अर्धा दिवस जास्त लागतो. लागणारच. तो अर्धा दिवस त्यांना परवडतो, मजुराचा हात परवडत नाही, एवढं त्यांना पटलं. पोरगी अजून विज्ञानलाच आहे. चाचणीत तिला किती गुण पडले ते मी विचारलं नाही. पण यंत्राच्या पत्र्यावर तिच्या अक्षरात तीन आकडे लिहिलेले आहेत: ४, १२, ४८०.

तुमच्या यंत्रावर कुठले तीन आकडे येतात, ते या काढणीआधी मोजून घ्या.